पिकांवरील पतंग आणि वंध्य कीटक : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

मागील अंकात गुलाबी बोंडअळीवरील टिपणात एका वाक्यात असे नमूद केले होते की, काही ठिकाणी या किडीचे पतंग मुद्दाम मोठ्या संख्येने वाढवून, किरणांच्या साहाय्याने वंध्य करून पुन्हा शेतांवर सोडले गेले आणि त्यातून कीड आटोक्यात आली. त्या एका वाक्यावर इतकी पत्रे आली की या वेळचे संपूर्ण सदर त्याच विषयाला देणे योग्य वाटले. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून खाली उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : शेतात आधीच पतंग उदंड झालेले असताना त्यांत आणखी पतंग सोडायचे, याने कीड कमी होण्याऐवजी वाढणार नाही का?

उत्तर : शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर किडीच्या जीवनक्रमात आहे. पिकाचे नुकसान पतंग करत नाही, त्याची अळी करते. पतंगाला पाने किंवा फळे कुरतडण्याजोगे जबडे नसतात. फार तर तो सोंडेने फुलातला मध शोषतो, आणि काही जातींचे पतंग तर मरेपर्यंत काहीच खात नाहीत. (फळात सोंड खुपसून रस शोषणारे पतंग हा याला अपवाद आहे, आणि अशा किडीसाठी ही पद्धत सुचवताच येणार नाही.) त्यामुळे शेतावर सोडलेला वंध्य पतंग पिकाला थेट इजा करत नाही. त्याचे काम एकच असते, रानातल्या मादीशी संयोग करणे. त्या संयोगानंतर मादी अंडी घालते, पण ती उबत नाहीत, आणि एका मादीमागे जी शेकडो अळ्यांची पिढी जन्माला आली असती, ती येत नाही.

या पद्धतीचे खरे बळ तिच्या गणितात आहे, म्हणून ते आकड्यांनी मांडतो. समजा, एका प्रदेशात किडीच्या १० लाख माद्या आणि तितकेच नर आहेत, आणि अनुकूल हवामानात त्यांची संख्या दर पिढीला पाचपट होते. कीटकनाशकाने प्रत्येक पिढीतील ९० टक्के कीड मारली, तर पहिल्या पिढीअखेर ५ लाख माद्या असतील, नंतर अडीच लाख, नंतर सव्वा लाख आणि चौथ्या पिढीअखेर साडेबासष्ट हजार. आता फवारणीऐवजी दर पिढीला ९० लाख वंध्य नर सोडले, असे समजा. रानातल्या एका नरामागे नऊ वंध्य नर असल्यामुळे दहापैकी नऊ माद्यांची अंडी वाया जातात, आणि पहिल्या पिढीअखेर संख्या फवारणीइतकीच, म्हणजे ५ लाख राहते. फरक पडतो तो यानंतर. रानातले नर निम्मे झालेले असतात, सोडायचे नर मात्र तेवढेच असतात. म्हणून प्रमाण एकास अठरा होते आणि दुसऱ्या पिढीअखेर सुमारे १ लाख ३२ हजार माद्या उरतात, तिसऱ्या पिढीअखेर सुमारे साडेनऊ हजार, आणि चौथ्या पिढीअखेर जेमतेम ५०. कीटकनाशकाचा प्रभाव किडीच्या संख्येवर अवलंबून नसतो. वंध्य नरांचा प्रभाव मात्र कीड जसजशी विरळ होते तसतसा वाढत जातो. शेतात विरळ झालेली मादी माणसाला शोधून सापडत नाही, पण नराला सापडते, कारण तीच आपल्या कामगंधाने, म्हणजे नराला ओढणाऱ्या वासाने, त्याला बोलावून घेते.

हा विचार प्रथम अमेरिकेचे कीटकशास्त्रज्ञ एडवर्ड निपलिंग यांनी मांडला. हर्मन म्युलर यांनी १९२७ मध्ये क्ष-किरणांमुळे ड्रोसोफिला माशीच्या आनुवंशिक द्रव्यात बदल होतात हे दाखवले होते. त्या शोधाचा आधार घेऊन निपलिंग आणि त्यांचे सहकारी रेमंड बुशलंड यांनी जनावरांच्या जखमेत अळ्या पाडणाऱ्या स्क्रूवर्म माशीचे कोष किरणांनी वंध्य केले. १९५४ मध्ये कुरासाव या कॅरिबियन बेटावर अशा माश्या सोडल्यानंतर काही महिन्यांतच ती कीड बेटावरून नाहीशी झाली. या कार्यासाठी दोघांना १९९२ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

प्रश्न : माश्यांमध्ये ही पद्धत इतकी जुनी आणि यशस्वी असेल, तर पतंगांमध्ये तिचा वापर इतका कमी का?

उत्तर : याचे मुख्य कारण पतंगांच्या गुणसूत्रांची रचना हे आहे. माशीच्या गुणसूत्रावर एक ठरावीक बिंदू असतो, आणि पेशीविभाजनाच्या वेळी त्याच बिंदूला धरून गुणसूत्र एका बाजूला ओढले जाते. किरणांनी गुणसूत्र तुटले की ज्या तुकड्यावर तो बिंदू नसतो, तो तुकडा विभाजनात हरवतो; आवश्यक जनुके गमावलेला भ्रूण अंड्यातच मरतो. पतंगांच्या आणि फुलपाखरांच्या गुणसूत्रांवर असा एकच बिंदू नसतो, तर गुणसूत्राच्या जवळजवळ संपूर्ण लांबीवर ही पकड पसरलेली असते. त्यामुळे तुटलेला तुकडाही विभाजनात टिकून राहतो आणि पुढच्या पेशीत सुखरूप पोहोचतो. परिणामी, स्क्रूवर्म माशीला वंध्य करण्यास १०० ग्रेहून बरीच कमी मात्रा पुरते (ग्रे हे शरीरात शोषल्या गेलेल्या किरणांची मात्रा मोजण्याचे एकक आहे), फळमाश्यांना साधारण १०० ग्रेच्या आसपास लागते, तर अनेक पतंगांच्या नरांना पूर्ण वंध्य करायचे तर त्याच्या तिप्पट-चौपट मात्रा द्यावी लागते. (माणसाला संपूर्ण शरीरावर एकाच वेळी ४ ते ५ ग्रे मात्रा मिळाली, तरी ती उपचारांअभावी प्राणघातक ठरू शकते; यावरून या कीटकांची सहनशक्ती लक्षात येईल.)

इतकी मात्रा दिल्यावर नर वंध्य होतो खरा, पण तो निकामीही होतो. तो नीट उडत नाही, लवकर मरतो आणि मादीपर्यंत पोहोचला तरी पुरेसे शुक्राणू देऊ शकत नाही. मग मादी दुसरा नर शोधते, आणि तो बहुधा रानातला असतो. पतंगांच्या माद्या एकाहून अधिक वेळा संयोग करतात. त्याने ही पद्धत निष्फळ होत नाही, मात्र वंध्य नराचे शुक्राणू रानातल्या नराच्या शुक्राणूंशी बरोबरी करणारे असले पाहिजेत.

या अडचणीतून जी वाट निघाली, ती मला या संपूर्ण विषयातील सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते. कॅनडात ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील समरलंड येथे प्रोव्हर्ब्स हे शास्त्रज्ञ सफरचंद पोखरणाऱ्या कॉडलिंग मॉथ या पतंगावर काम करत होते. १९६० च्या दशकाच्या आरंभी त्यांच्या लक्षात आले की नराला पूर्ण वंध्यत्वापेक्षा कमी मात्रा दिली, तर त्याची थोडी संतती जन्माला येते, पण ती संतती बापापेक्षाही अधिक वंध्य असते. याचे कारण पुन्हा तेच : तुटलेले गुणसूत्रांचे तुकडे नाहीसे होत नाहीत, ते चुकीच्या जागी जोडले जातात आणि ही विस्कटलेली मांडणी पुढच्या पिढीकडे जाते. त्या पिढीला स्वतः जगता येते, पण तिच्या शुक्राणूंत आणि अंड्यांत गुणसूत्रांची वाटणी बिघडते. शिवाय या संततीत नरांचे प्रमाण जास्त असते आणि तिची वाढ सावकाश होते. याला वारसागत वंध्यत्व म्हणतात.

यामुळे पतंगांबाबत साधारणपणे १०० ते २५० ग्रे एवढी मात्रा वापरता येते. माद्या नरांपेक्षा किरणांना अधिक संवेदनशील असल्याने एवढ्या मात्रेत त्या पूर्णपणे वंध्य होतात, नर अर्धवट वंध्य पण धडधाकट राहतात, आणि त्यांची वंध्य मुले शेतातच, तिथल्याच हवामानात आणि तिथल्याच पिकावर वाढून रानातल्या पतंगांशी बरोबरीने संयोग करतात. एकदा सोडलेल्या पतंगांचा परिणाम अशा प्रकारे दोन पिढ्या चालतो. याची किंमतही आहे, ती लपवून ठेवू नये : या मधल्या पिढीच्या थोड्या अळ्या पिकावर वाढतात आणि तेवढे नुकसान करतात. त्यामुळे ज्या मालात एकही अळी चालत नाही, तिथे मात्रा किती ठेवायची हा निर्णय फार काळजीपूर्वक घ्यावा लागतो.

प्रश्न : किरणोत्सर्ग दिलेले पतंग पिकावर बसले, पक्ष्यांनी खाल्ले, तर किरणोत्सर्ग पसरणार नाही का? हे जनुकबदल केलेले कीटक असतात का?

उत्तर : दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असे आहे. यासाठी कोबाल्ट-६० किंवा सीझियम-१३७ यांचे गॅमा किरण, अथवा क्ष-किरण वापरतात. या किरणांची ऊर्जा पेशीतील गुणसूत्रे तोडण्याइतकी असते, पण कोणत्याही पदार्थाला स्वतः किरणोत्सर्गी करण्याइतकी नसते. किरणांचा स्रोत जाड आवरणात बंद असतो, पतंग काही काळ त्यासमोर राहतात आणि बाहेर येतात. त्यांच्या अंगाला काहीही चिकटून येत नाही.

या पद्धतीत बाहेरचे कोणतेही जनुक पतंगात घातले जात नाही. जनुकबदलाची वाट स्वतंत्र आहे आणि तिच्यावरही काम झाले आहे. कोबीवर्गीय पिकांवरील चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाचा, ज्याची मादी संतती अळीच्या अवस्थेतच मरते असा जनुकबदल केलेला वाण, २०१७ मध्ये अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात जिनिव्हा येथे खुल्या शेतात तपासण्यात आला. पण त्या कीटकांना जनुकबदलाचे नियम लागू होतात आणि किरणांनी वंध्य केलेल्या कीटकांना ते लागू होत नाहीत. आंतरराष्ट्रीय वनस्पती-आरोग्य मानकांत वंध्य कीटकांची गणना मित्रकीटकांसारख्या उपयुक्त जीवांमध्ये केलेली आहे.

प्रश्न : लाखो पतंग वाढवतात कसे, आणि सोडलेला पतंग व रानातला पतंग यांतला फरक शेतात कसा ओळखतात?

उत्तर : कॉडलिंग मॉथचे उदाहरण घेऊ, कारण ब्रिटिश कोलंबियातील ओकानागन खोऱ्यात हा कार्यक्रम दीर्घकाळ राबवला गेला आहे. ओसोयूस या गावी त्याचे पैदास केंद्र उभारले गेले आणि सफरचंद व नासपतीच्या बागांवर १९९४ पासून पतंग सोडले जाऊ लागले. अळ्यांना फळे देत नाहीत. गव्हाचा कोंब, प्रथिने, जीवनसत्त्वे आणि लाकडाचा किंवा कागदाचा लगदा असे मिश्रण ट्रेमध्ये थापतात व त्यावर अंडी ठेवतात. अळी त्यातच पोखरत वाढते आणि तिथेच कोषात जाते. बाहेर पडलेले पतंग प्रकाशाकडे झेपावतात आणि हवेच्या झोताबरोबर नळीतून थंड खोलीत ओढले जातात. तिथे ते निपचित होतात. अशा अवस्थेत त्यांना मोजणे, किरणे देणे आणि वाहून नेणे सोपे जाते, आणि मुख्य म्हणजे पंख फडफडून त्यांवरचे खवले झडत नाहीत.

खवल्यांचा उल्लेख मुद्दाम करतो. लाखो पतंगांच्या पंखांवरून झडणारी ही बारीक भुकटी हवेत तरंगत राहते आणि तिथे काम करणाऱ्यांना श्वसनाचा त्रास देते, म्हणून पैदास केंद्रात हवा सतत गाळून घ्यावी लागते. दुसरे संकट विषाणूंचे. एका ट्रेमध्ये अळ्यांचा विषाणुजन्य रोग शिरला आणि वेळीच लक्षात आला नाही, तर संपूर्ण पैदास धोक्यात येते. किडीची शेती ही पिकाच्या शेतीइतकीच जोखमीची आहे, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

ओळख पटवण्याची युक्ती खाद्यातच असते. अळ्यांच्या कृत्रिम खाद्यात तेलात विरघळणारा लाल रंग मिसळतात. तो अळीच्या शरीरातील चरबीत उतरतो आणि कोषावस्था ओलांडून पतंगाच्या पोटात टिकून राहतो. बागेत ठिकठिकाणी कामगंध सापळे लावलेले असतात. तपासनीस सापळ्याचा चिकट तळ बाहेर काढतो, त्यावरचा पतंग चिमट्याने उचलतो आणि पांढऱ्या कागदावर त्याचे पोट दाबतो. लालसर डाग उमटला तर तो सोडलेला पतंग, न उमटला तर रानातला. ओकानागनमध्ये रानातल्या एका पतंगामागे चाळीस वंध्य पतंग असावेत असे लक्ष्य ठरवलेले होते आणि त्यासाठी हंगामात हेक्टरी सुमारे २,००० पतंग दर आठवड्याला सोडले जात. या किडीत नर आणि मादी एवढ्या मोठ्या संख्येने वेगळे करणे परवडत नसल्याने दोन्ही एकत्रच सोडतात. वंध्य माद्या निरुपद्रवी असतात, फक्त त्या काही वंध्य नरांना आपल्यातच गुंतवून ठेवतात.

सुरुवातीच्या वर्षांत एक उणीव आढळली, तीही सांगण्यासारखी आहे. उबदार खोलीत वाढलेले पतंग वसंत ऋतूच्या थंड संध्याकाळी सुस्त राहत, तर रानातले पतंग त्याच थंडीत उडत आणि संयोग करत. सापळ्यांतील प्रमाण कागदावर चांगले दिसूनही हंगामाच्या आरंभी अपेक्षित परिणाम मिळत नसे. म्हणून पतंगांची केवळ संख्या मोजून भागत नाही. त्यांची उडण्याची, मादी शोधण्याची आणि संयोग करण्याची क्षमता वारंवार तपासावी लागते.

प्रश्न : गुलाबी बोंडअळीच्या बाबतीत नेमके काय घडले? श्रेय वंध्य पतंगांचे की बीटी कपाशीचे?

उत्तर : दोन्हींचे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे दोन्हींच्या जोडीचे. गुलाबी बोंडअळी अमेरिकेत १९१७ मध्ये टेक्सासमध्ये आढळली आणि हळूहळू नैर्ऋत्येकडील कपाशीच्या पट्ट्यात पसरली. कॅलिफोर्नियातील सान वाकिन खोऱ्यात ती स्थायिक होऊ नये म्हणून १९६८ पासून तिथे वंध्य पतंग सोडण्यास आरंभ झाला, आणि बाहेरून वरचेवर पतंग येत असूनही कीड त्या खोऱ्यात मूळ धरू शकली नाही. मात्र ॲरिझोनामध्ये कीड आधीच इतकी प्रबळ होती की केवळ वंध्य पतंगांनी ती उखडणे शक्य नव्हते. तेवढे पतंग कोणत्याही केंद्राने पुरवले नसते.

१९९६ मध्ये बीटी कपाशी, म्हणजे एका जिवाणूच्या जनुकामुळे अळीला मारक प्रथिन स्वतःच तयार करणारी कपाशी, आल्यावर हे चित्र बदलले. बीटी वाणाने बहुतेक अळ्या मरू लागल्या आणि किडीची संख्या वंध्य पतंगांच्या आवाक्यात आली. पण बीटी वाणाची एक अट असते. सगळीकडे तोच वाण लावला, तर त्याला न जुमानणाऱ्या थोड्या अळ्या तेवढ्या जगतात, त्यांचा आपसातच संयोग होतो आणि काही वर्षांत प्रतिकारक्षम कीड उभी राहते. हे टाळण्यासाठी बिगर-बीटी कपाशीचे क्षेत्र राखतात. तिथे वाढलेले साधे पतंग प्रतिकारक्षम पतंगांशी संयोग करतात आणि त्यांची संतती बीटी कपाशीवर मरते. भारतात राखीव क्षेत्राचा हा नियम फारसा पाळला गेला नाही, आणि गुलाबी बोंडअळीने प्रथम एका बीटी जनुकाच्या व पुढे दोन जनुकांच्या वाणालाही दाद देणे बंद केले.

ॲरिझोनामध्ये २००६ पासून वेगळा मार्ग निवडला गेला. शेतकऱ्यांना हवी तितकी, अगदी संपूर्ण क्षेत्रावर बीटी कपाशी लावण्याची मुभा दिली, आणि राखीव क्षेत्रातल्या पतंगांनी जे काम करायचे ते विमानातून सोडलेल्या वंध्य पतंगांवर सोपवले. प्रतिकारक्षम पतंग शेतात निपजला, तरी त्याच्याभोवती वंध्य जोडीदारांचीच गर्दी असेल आणि त्याची प्रतिकारक्षमता पुढच्या पिढीत जाणारच नाही, असा हा विचार होता. त्याचबरोबर शेतात कृत्रिम कामगंध पसरवून नर-मादीचे मिलन रोखणे, शेतांची नियमित पाहणी आणि हंगाम संपल्यावर पऱ्हाट्यांची विल्हेवाट हेही चालूच होते. २००९ मध्ये बिगर-बीटी कपाशीची १६,६०० बोंडे तपासली असता त्यांत केवळ दोन अळ्या सापडल्या. नैर्ऋत्य अमेरिका आणि उत्तर मेक्सिको मिळून पुढील काही वर्षांत एकूण सुमारे ११०० कोटी वंध्य पतंग सोडले गेले, आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने देशाचे कपाशी उत्पादक क्षेत्र गुलाबी बोंडअळीपासून मुक्त झाल्याचे घोषित केले. नंतर झालेल्या विश्लेषणातून असे दिसले की यांपैकी कोणताही एक उपाय एकट्याने पुरा पडला नसता.

प्रश्न : याशिवाय आणखी कुठे ही पद्धत वापरली गेली आहे?

उत्तर : दक्षिण आफ्रिकेत संत्रावर्गीय फळांवरील फॉल्स कॉडलिंग मॉथ या किडीसाठी सिट्रसडाल परिसरात २००७ पासून व्यावसायिक पातळीवर वंध्य पतंग सोडले जातात. न्यूझीलंडमध्ये ऑकलंड येथे १९९९ मध्ये सापडलेल्या पेंटेड ॲपल मॉथ या परक्या पतंगाविरुद्ध आधी जिवाणुजन्य कीटकनाशकाची विमानातून फवारणी झाली आणि कीड विरळ झाल्यावर वंध्य नर सोडण्यात आले. २००६ मध्ये ती कीड संपल्याचे जाहीर झाले. या जातीच्या माद्यांना उडण्याजोगे पंखच नसतात, त्यामुळे हे लक्ष्य या पद्धतीला विशेष सोयीचे होते. मेक्सिकोत इस्ला मुखेरेस आणि इस्ला कोंतोय या बेटांवर निवडुंग पोखरणारा पतंग पोहोचला होता. बाधित निवडुंग तोडणे आणि वंध्य पतंग सोडणे या दोन उपायांनी तो २००९ पर्यंत तिथून हटवण्यात आला.

प्रश्न : माझी जमीन थोडी आहे. मला एकट्याला असे पतंग मिळवून माझ्या शेतात सोडता येतील का?

उत्तर : येणार नाहीत, आणि कोणी तसे आश्वासन देत असेल तर ते स्वीकारू नये. आपल्या शेतात कितीही वंध्य नर सोडले, तरी शेजारच्या शेतात संयोग आटोपून आलेली मादी तुमच्या पिकावर सुपीक अंडीच घालणार. तिला तुमच्या वंध्य नराची गरजच उरलेली नसते. म्हणून ही पद्धत शेताची नसून प्रदेशाची आहे. संपूर्ण खोरे किंवा संपूर्ण बेट एकदम हाती घ्यावे लागते. तसे नसल्यास कडेने रुंद संरक्षक पट्टा राखावा लागतो.

ओकानागनचा कार्यक्रम टिकला, त्याचे मोठे श्रेय मी तंत्राइतकेच तिथल्या व्यवस्थेला देईन. तो स्थानिक शासनांमार्फत कायद्याने चालतो. त्याचा खर्च केवळ बागायतदारांवर न टाकता त्या भागातील इतर मालमत्ताधारकांकडूनही कररूपाने घेतला जातो, कारण कीटकनाशक कमी झाल्याचा लाभ हवा आणि पाण्याच्या रूपाने सर्वांनाच होतो. घरामागच्या परसातले एखादे दुर्लक्षित सफरचंदाचे झाडही किडीचे आश्रयस्थान ठरते, म्हणून ते नीट राखणे किंवा तोडणे मालकावर बंधनकारक आहे. असा सामुदायिक निर्णय जिथे होत नाही, तिथे उत्तमातले उत्तम पतंग सोडूनही पैसा वायाच जाईल.

प्रश्न : वंध्य पतंग सोडत असताना फवारणी किंवा कामगंध सापळे चालू ठेवावेत का?

उत्तर : पतंग सोडण्यापूर्वी कीड कमी करण्यासाठी फवारणी किंवा तसा दुसरा उपाय सहसा आवश्यक असतो. एकदा सोडणे सुरू झाले की पतंगांना मारणारी फवारणी टाळावी, कारण ती आपल्याच पतंगांना आधी मारते. अळ्यांवरच काम करणारी जैविक औषधे चालतात. कामगंध सापळ्यांच्या बाबतीत उद्देश पाहावा. पाहणीसाठी लावलेले मोजके सापळे हवेतच. परंतु नर पकडून संपवण्यासाठी दाटीने लावलेले सापळे वंध्य नरांनाही गिळून टाकतात, म्हणून ते काढावेत. ट्रायकोग्रामासारखे अंड्यांवरचे परोपजीवी मित्रकीटक मात्र या पद्धतीला पूरक ठरतात. न उबणाऱ्या अंड्यांवरही त्यांची पैदास होऊ शकते.

प्रश्न : कीटकनाशकांना कीड सरावते, तशी रानातली मादी वंध्य नरांना ओळखून टाळू लागली तर?

उत्तर : असे घडू शकते. जपानमध्ये ओकिनावा बेटावर वेलवर्गीय फळांवरील माशीविरुद्ध मोहीम चालू असताना, वंध्य नरांना प्रतिसाद न देणाऱ्या माद्या आढळल्याची नोंद १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. तरीही १९९३ मध्ये ती माशी जपानमधून संपूर्णपणे हटवली गेली. धोका विशेषतः तेव्हा वाढतो, जेव्हा बंदिस्त पैदाशीतील कीटक अनेक पिढ्यांनंतर संयोगाच्या वेळा, प्रणयाराधन किंवा कामगंधाला दिलेला प्रतिसाद यांत रानातल्या कीटकांपासून दूर जातात. त्यावर उपाय म्हणून पैदाशीत अधूनमधून रानातून आणलेले कीटक मिसळतात किंवा संपूर्ण पैदास नव्याने उभी करतात.

प्रश्न : घाटेअळी आणि लष्करी अळी यांवर ही पद्धत का वापरली जात नाही?

उत्तर : या किडींना किरणांनी वंध्य करता येते, आणि त्यांच्यातही वारसागत वंध्यत्व दिसून येते. अडचण पुढची आहे. घाटेअळ्या एकमेकींना खातात, त्यामुळे प्रत्येक अळीला स्वतंत्र कप्पा द्यावा लागतो आणि पैदाशीचा खर्च एकदम वाढतो. त्यांचे पतंग वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर स्थलांतर करतात, म्हणून एका प्रदेशात कीड कमी केली तरी एका रात्रीत संयोग झालेल्या माद्या बाहेरून येऊ शकतात. शिवाय त्या इतक्या वेगवेगळ्या पिकांवर आणि तणांवर जगतात की रानातली संख्या मोजणेही कठीण होते, आणि संख्या ठाऊक नसेल तर किती वंध्य पतंग सोडायचे हे ठरवता येत नाही.

घाटेअळीच्या अमेरिकी नातलगावर, म्हणजे तंबाखू आणि कपाशीवरील हेलिओथिस व्हिरेसेन्स या पतंगावर, किरणांशिवाय एक प्रयोग झाला होता. त्याचा नर आणि हेलिओथिस सबफ्लेक्सा या दुसऱ्या जातीची मादी यांच्या संकरातून जन्मलेले नर वंध्य असतात, माद्या मात्र सुपीक असतात, आणि त्या माद्यांचा पुन्हा पहिल्या जातीच्या नरांशी संयोग झाला तर त्यांचे मुलगेही वंध्यच निपजतात. ही गोष्ट १९७२ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि पुढे कॅरिबियनमधील सेंट क्रॉय बेटावर असे संकरित पतंग सोडून पाहण्यात आले. बेटावर हा प्रयोग करता आला, कारण तिथे बाहेरून येणाऱ्या पतंगांना समुद्राची आडकाठी होती. मुख्य भूमीवरील कपाशीच्या सलग पट्ट्यात ती नाही.